अंगठ्याचं माप

"परत स्टार्टर मार," थोरला म्हणाला.

गाडीत बसलेल्या ताईने किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण नको तितकं हलकं, दोरा न ओवताच शिवणयंत्र चालवावं तसं. बॉनेट उघडून आत वाकलेल्या धाकट्याने तो आवाज ओळखला. वॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट तुटला की इंजिन असंच फिरतं, हे त्याला माहीत होतं.

"बॅटरी उतरली असेल," थोरला म्हणाला.

"दादा, बॅटरी उतरली तर फिरेल कसं?"

"हां, आता मला शिकव."

ताई ही दोघांच्या मधली बहीण. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची आणि तिच्या पोटापाण्याची ही एकच गाडी होती. सकाळी उतारावर एका नवशिक्या बाईंच्या हातात ती बंद पडली. ताईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी कशीबशी कडेला घेतली, म्हणून निभावलं.

गॅरेज दोघा भावांचं, पण शब्द थोरल्याचा. वडील गेल्यावर त्यानेच दोघा भावंडांना वाढवलं, धाकट्याच्या हातात पाना दिला आणि तेव्हापासून त्याचे कान उपटायचं काम एक दिवस चुकवलं नाही. बेल्टचा ताण तो अंगठ्याने दाबून बघायचा. नट किती आवळला हे मोजणारा टॉर्क पाना धाकट्याने हौसेने आणला, तो थोरल्याने कपाटावर फेकून दिला. "ज्याला अंगठा नाही त्याने मापं घ्यावीत," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची. धाकटाही हसायचा, करतो काय?

ताई शिकाऊ मंडळींना फोन करून आजचे तास रद्द झाल्याचं कळवायला बाहेर गेली. धाकट्याने बेल्टवरचं झाकण काढलं. आत चिंध्या झाल्या होत्या. बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचा नट त्याने चिमटीत धरला, तर तो हातानेच फिरला. हा बेल्ट थोरल्याने बसवला होता. त्या आठवड्यात धाकटा तापाने अंथरुणावर पडून होता.

खरं सांगायचं तर त्याला आधी आनंदच झाला. इतक्या वर्षांचं हसं एका नटात वसूल होणार होतं. त्याने प्लगच्या भोकातून हवा सोडून बघितली. ती आत कोंडून राहायच्या ऐवजी सूं करत निघून गेली. म्हणजे वॉल्व्ह वाकले होते. मग त्याने इंजिनचं हेड उतरवलं आणि पिस्टनवरची काजळी पुसली. जिथे वॉल्व्ह आदळले होते तिथे नखाएवढ्या, चंद्रकोरीसारख्या खोल खाचा उमटल्या होत्या.

"बघ," तो म्हणाला. त्याला आवाजातला तोरा लपवता आला नाही.

थोरल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि सवयीने बोट फिरवलं. बोट खाचेवरून एकदा गेलं, परत आलं.

"कुठे काय? गुळगुळीत तर आहे."

धाकटा त्या बोटाकडे बघत राहिला. त्यावर भाजल्याचा डाग होता. मागे एकदा थोरला गरम सायलेन्सरवर हात टेकवून गप्पा मारत उभा होता. कातडी जळाल्याचा वास आला तो धाकट्याला. दादाची साखर वाढलेली असते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती बोटांपर्यंत पोचली आहे हे कोणी बघितलं नव्हतं. धाकट्याचा आनंद जागच्या जागी आंबला.

"दादा, तुला बोटांना कळत नाहीये."

थोरला हात मागे घेऊन फडक्याला पुसायला लागला. तेवढ्यात ताई आत आली.

"काय निघालं?"

"याने नट सैल ठेवला," थोरला म्हणाला. "लाखदा सांगितलं, घाई करू नकोस. ऐकतो कुठे?"

धाकट्याने तोंड उघडलं. तापाचं सांगितलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. थोरला त्याच्याकडे बघत नव्हता. फडकं केव्हाच खाली पडलं होतं आणि त्याची बोटं तशीच एकमेकांना पुसत होती.

"हो," धाकटा म्हणाला. "माझंच चुकलं."

"उतारावर होतो आम्ही," ताई म्हणाली. "दादाच्या हाताखाली जन्म काढलास आणि तुला एक नट आवळता येत नाही? यापुढे माझ्या गाडीला दादाच हात लावेल."

थोरल्याने यावर हूं की चूं केलं नाही. त्याबद्दल धाकटा मनातून त्याला कधी माफ करणार नव्हता.

नवे वॉल्व्ह, नवे पिस्टन आले. बेल्ट चढवायच्या दिवशी ताई लक्ष ठेवून शेजारी उभी होती. थोरल्याने नट आवळला, बेल्टवर अंगठा दाबला आणि मान डोलावली.

"झालं. चल, चहा पिऊन येऊ," तो ताईला म्हणाला. दारातून धाकट्याकडे न बघता म्हणाला, "झाकण लावू नकोस. आल्यावर मी लावतो."

ते गेल्यावर धाकट्याने स्टुलावर चढून टॉर्क पाना खाली काढला. नट आणखी बराच फिरला, मग पुरेसा आवळल्याची खूण म्हणून पाना टक वाजला. त्याने तो पुसून परत कपाटावर ठेवला.

थोरल्याने येऊन झाकण लावलं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

"तुझा हात लागला की मला घोर नाही, दादा," ताई म्हणाली.

थोरल्याने हात पुसायला घेतले. फडकं हातात आहे ना, हे त्याने आधी डोळ्यांनी बघून घेतलं.