कालिंदावहिनींची तारीख

लोक विचारतात, ताई, तुम्ही नक्की काय करता? मी सांगते, कवी पुरवते. की समोरचा हसलाच. मंडपवाला मंडप पुरवतो, आचारी जेवण पुरवतो, त्यांना कुणी हसत नाही. कवी म्हटलं की मात्र सगळ्यांना हसू फुटतं. हसा बापडे. धाराशिवला बसस्टँडच्या मागे माझं एका खोलीचं ऑफिस आहे, आणि जिल्ह्यात कुठंही जयंती असो, व्याख्यानमाला असो की चेअरमनचा वाढदिवस, हास्यकवी संमेलन ठेवायचं ठरलं की फोन हर्षालीताईलाच येतो.

दिवसा बघाल तर कवींइतकी कटकटी जमात नाही. एकाला गाडीत पुढचीच सीट लागते. दुसरा म्हणतो, तो असेल तर मी येणार नाही. तिसऱ्याला निघायच्या वेळी आठवतं की सदरा इस्त्रीला टाकलाय. या सगळ्यांना गाडीत कोंबून वेळेवर पोचवता पोचवता माझ्या नाकी नऊ येतात, आणि मी शिव्याही मोजून देत नाही.

पण हाच माणूस माईकसमोर उभा राहतो ना, तेव्हा मी गप्प होते. पेटी नाही, तबला नाही, हातात काही नाही. नुसता एक माणूस आणि त्याचे शब्द. समोर हजार माणसं, त्यातली निम्मी तंबाखू मळत बसलेली. तो दोन ओळी बोलतो आणि हजार माणसांचे हात थांबतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी अंगावर काटा येतो. कुठून येतं हे यांच्याकडे? मला आजवर एक ओळ जमलेली नाही. मी स्टेजच्या कडेला उभी राहून फक्त बघते, आणि बघायला मिळतं म्हणूनच हा धंदा करते.

योगीराजभाऊ हे माझे सगळ्यात मोठे कवी. राहणार तामलवाडी, शेतात कांदा आणि सोयाबीन, उंच हडकुळी अंगकाठी, डोक्यावर टोपी. गाडीत बसले की तासभर तोंडातून शब्द नाही. पण त्यांची ‘आता बोला’ ही कविता जिल्ह्यात शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ. कविता बायकोवरची. दर कडव्याच्या शेवटी भाऊ हात पसरून म्हणणार, ‘आता बोला!’ आणि त्यांच्याबरोबर सगळं मैदान ओरडणार. संमेलनात वजनदार कवी शेवटी घेतात. भाऊ कायम शेवटी, कारण त्यांच्यानंतर कुणाला उभं केलं तर लोक चपला शोधायला लागतात.

त्यांना बोलवायची माझी एक ठरलेली रीत होती. सूत्रसंचालकानं विचारायचं, ‘‘योगीराजभाऊ, वहिनींना विचारून आलात का?’’ भाऊंनी खाली बघायचं, टोपी सारखी करायची आणि म्हणायचं, ‘‘विचारलं असतं तर येऊ दिलं असतं व्हय? सांगून आलो. तेबी फाटकाभाईर आल्यावर.’’ कविता सुरू व्हायच्या आधीच मैदान आडवं. ही जोडी मी जुळवली होती आणि मला तिचा मोठा अभिमान होता.

या कालिंदावहिनींना मी चार-दोनदाच भेटले असेन, पण फोनवर त्या माझ्या रोजच्या. भाऊंचा फोन त्यांच्याकडेच असायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, ‘‘तारीख बोला.’’ मी बोलायची. ‘‘त्या दिशी कांदा काढायचा हाय, दुसरी बोला.’’ मी दुसरी बोलायची. ‘‘व्हय, ही चालंल. आन् जेवनात वांगं ठेवू नका, त्यांस्नी खाज सुटती.’’ ठेवला फोन. कार्यक्रमाला त्या कधीच आल्या नाहीत. एकदा मी विचारलं, ‘‘वहिनी, गावंच्या गावं तुमच्यावर हसतात. राग नाही येत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हसू द्या की. माझं उत्तर कुटं ऐकलंय त्यांनी!’’ मी हसले आणि पुढची तारीख मागितली.

दिवाळीनंतर वहिनी गेल्या. सोलापूरच्या दवाखान्यात होत्या, दुखणं आधीच फार पुढं गेलेलं. मी तामलवाडीला गेले तेव्हा भाऊ अंगणात खाटेवर बसले होते. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यानंतर त्यांना फोन करायचं मला धाडस झालं नाही. कुठल्या तोंडानं करणार? ‘या आणि बायकोवरची कविता म्हणा’ असं सांगायला?

पावसाळ्याच्या तोंडाशी तेरहून बब्रुवानचा फोन आला. तिथल्या तरुण मंडळाची व्याख्यानमाला हाच बघतो, वर्षानुवर्षं माझ्याकडून कवी नेतो. म्हणाला, ‘‘ताई, शेवटच्या दिशी ‘आता बोला’ पायजेल. दुसरा कुनी नको.’’ मी सांगितलं, भाऊ हल्ली कार्यक्रम घेत नाहीत. ‘‘विचारून तर बघा की,’’ म्हणाला आणि पिच्छाच सोडेना.

शेवटी लावला फोन. पलीकडून आवाज आला, ‘‘तारीख बोला.’’

आवाज भाऊंचा होता, बोलणं वहिनींचं. मी तारीख सांगितली. त्यांनी ती पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतली. मग म्हणाले, ‘‘येतो. पर ताई, आदीच सांगतो. ती कविता म्हनताना अडकलो, तर पुन्यांदा माईकम्होरं उभा ऱ्हायचो न्हाय. मग मला कुनासाठी फोन करायचा न्हाय.’’

‘‘भाऊ, दुसरी म्हणा ना एखादी.’’

‘‘लोकांस्नी तीच पायजे. आन् एक. तिचं कुनाला सांगू नका. लोक हसाया येत्यात, त्यांस्नी कशाला रडवायचं.’’

म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. बब्रुवानलाही नाही. आणि इथंच माझी घोडचूक झाली. त्या वेळी सूत्रसंचालक नवा होता. उत्कर्ष नाव, कॉलेजात शिकवणारा, बोलायला गोड. प्रत्येक कवीची ओळख कशी करून द्यायची, याचा एक मेसेज माझ्या फोनमध्ये कायमचा तयार असतो. सकाळच्या गडबडीत तो मी जसाच्या तसा उत्कर्षला पाठवून दिला. त्यात भाऊंना विचारायचा तो प्रश्नही होता.

तेरला शाळेच्या मैदानावर मंडप घातला होता. सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मागे कंपाउंडच्या भिंतीवर पोरं. पहिल्या तिघांचं छान झालं. भाऊ पांढरी बंडी घालून खुर्चीत ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. मी स्टेजच्या पायरीशी उभी. बाई, आज हा माणूस इथं उभा राहिला तर कायमचा राहील, नाहीतर कायमचा गेला, एवढंच माझ्या डोक्यात. भाऊंशिवाय संमेलन करणं मला जमलं असतं हो. पण तो आवाज पुन्हा कधीच ऐकायचा नाही, हे काही केल्या मनाला पटत नव्हतं.

उत्कर्ष माईकपाशी गेला. जिल्ह्याचे लाडके वगैरे झालं. मग तो भाऊंकडे वळला, मिश्कील हसला, आणि त्या हसण्यावरून मला एका क्षणात सगळं आठवलं. मी पायरी चढायला धावले. उशीर झाला होता.

‘‘योगीराजभाऊ, वहिनींना विचारून आलात का?’’

लोकांना सवाल माहीत होता. लोक हसायच्या तयारीत पुढं सरकले. भाऊ माईकपर्यंत आले होते. त्यांनी खाली बघितलं. हात टोपीकडं गेला आणि तिथंच थांबला. मी कपाळाला हात लावून एका पायरीवर तशीच उभी. झालं, संपलं. एवढ्या वर्षांचा माणूस मी माझ्या हातानं संपवला.

भाऊंनी टोपी सारखी केली. वर बघितलं.

‘‘न्हाय,’’ म्हणाले. ‘‘आज तिनंच धाडलंय.’’

मैदान हसलं. नेहमीसारखं खदखदून नव्हे, जरा चकित होऊन. हे उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. भाऊ तेवढ्यात सुरू झाले.

‘‘फुलावर म्या रचली कविता, ही म्हनली दळण आना,
वाऱ्यावर म्या रचली कविता, ही म्हनली सरपण आना.
आता बोला!’’

‘‘आता बोला!’’ अख्खं मैदान ओरडलं. माझा जीव भांड्यात पडला. आता दुसरं कडवं येणार. पण भाऊ एक पाऊल बाजूला सरकले. खांदे जरा मागे घेतले, एक हात कमरेवर ठेवला. आवाज बाईचा केला नाही, आपलाच ठेवला, फक्त बोलण्याची लकब बदलली.

‘‘फुलावर त्यांनी रचली कविता, दळण म्याच आनलं,
वाऱ्यावर त्यांनी रचली कविता, सरपण म्याच आनलं.
आता तुमीच बोला!’’

बायकांच्या बाजूनं जो हशा उठला, तसा मी जन्मात ऐकलेला नाही. आजवर बायका या कवितेला पदराआड हसायच्या. आज त्या एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. आणि मी? मी स्टेजवर कालिंदावहिनींना बघत होते. तेच तुटक बोलणं, तीच ‘दुसरी बोला’वाली ऐट. देवाशपथ सांगते, भाऊंच्या जागी मला त्या दिसत होत्या, ज्यांना मी धड पाहिलंही नव्हतं.

भाऊ पुन्हा आपल्या जागी आले.

‘‘गावोगावी टाळ्या घेतो, घरात माझं कोन ऐकतं?
म्या बोललो की हिच्या हातातलं लाटणंसुदीक हसतं.
आता बोला!’’

आणि पुन्हा ते एक पाऊल.

‘‘गावोगावी जायाच्या आदी पयलं कोन ऐकतं?
चुलीम्होरं मी हसले, तरच गाव हसतं.
आता तुमीच बोला!’’

पुरुषसुद्धा शिट्ट्या मारायला लागले. इतकी वर्षं ही कविता मी ऐकत होते आणि ती अर्धीच होती. उरलेली अर्धी तामलवाडीत स्वयंपाकघरात बसून होती, आणि मी तिच्याकडे फोनवरून तारखा मागत होते. मला माझीच लाज वाटली, पण लाजेपेक्षा नवल मोठं होतं. एका पावलाच्या अंतरावर दोन माणसं उभी होती, आणि मधे एक माईक.

शेवटच्या कडव्याला भाऊंचा आवाज खाली आला.

‘‘वडाला फेऱ्या घालताना म्या पुसलं, पुढल्या जन्मी मीच का?
ही म्हनली, ह्या जन्मीचं बघू द्या आदी, एवढी घाई का?
आता बोला!’’

मैदान ओरडलं. भाऊ बाजूला सरकले. हात कमरेवर गेला. आणि ते अडकले.

ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. पुढच्या रांगेत बब्रुवान तोंड उघडं ठेवून बघत होता. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलेत, हशा वाढवायला. हजार माणसं मजेत वाट बघत होती आणि तो माणूस एकटा कुठल्या खाईच्या काठावर उभा आहे, हे तिथं फक्त मला माहीत होतं. तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी ओरडली, ‘‘आगं बोल की बये! घाबरती का काय गड्याला?’’

ती भाऊंना बोलत नव्हती. ती वहिनींना बोलत होती.

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. मान हलवली. आणि म्हणाले,

‘‘पुढल्या जन्मी मीच का म्हनं! काय सांगावं ह्यांस्नी?
म्होरं जाऊन रुमाल टाकते, जागा धरते दोघांस्नी.
तुमी सावकाश या.’’

एस्टीत रुमाल टाकून जागा धरणारी बाई कुणी पाहिली नाही? मैदान फुटलं. लोक हसून हसून वाकले, भिंतीवरची पोरं नाचायला लागली, उत्कर्ष खुर्चीत बसून हसण्यानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत होता. त्याच ओळीवर मी पायरीवर बसून हमसून हमसून रडत होते. शब्द तेच, मैदान तेच. एकाच ओळीत एवढं सगळं मावतं कसं, हे मला आजही कळलेलं नाही आणि मी ते कुणाला समजावून सांगू शकणार नाही.

‘आता तुमीच बोला’ भाऊ म्हणालेच नाहीत. लोकांनीच म्हटलं, तीनतीनदा.

नंतर स्टेजमागे भाऊ पाणी पीत होते. मी विचारलं, ‘‘ही उत्तरं कधी रचलीत?’’

‘‘म्या कुटं? तिचीच हायेत. म्या घरी कविता म्हनली की ती भाकरी थापता थापता हानायची एकेक. म्या कदी गावात म्हनलीच न्हाईत. तिला जास्त टाळ्या पडल्या असत्या.’’

‘‘आणि शेवटचं?’’

भाऊंनी तांब्या खाली ठेवला. ‘‘ते सोलापुरात म्हनली. म्या नुसतं यमक लावलं.’’

मी मेसेजबद्दल माफी मागणार, तोवर बब्रुवान त्या म्हाताऱ्या बाईला घेऊन आला. त्याची आई, दगडाबाई. तिनं भाऊंना आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, ‘‘झ्याक म्हनलं गा. पर गड्याचं काय, कुनीबी बोलतंय. पुढल्या साली तुझ्या बायकूला आन. बोलती बाई हाय. मला तिला बघायचंय. आनशील का?’’

मी काहीतरी बोलून विषय बदलणार होते. बब्रुवान म्हणाला, ‘‘व्हय भाऊ, दोघांचाबी सत्कार करू.’’ भाऊ दगडाबाईंकडे बघत राहिले. चेहरा असा झाला की मला वाटलं, आता खरं काय ते सांगतील. पण त्यांनी वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला.

‘‘आनतो की आई,’’ म्हणाले. ‘‘आता तिच्याबिगर यायचो न्हाय मी कुटं.’’

मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘‘ताई, तारीख बोला.’’