अनोळखी फाइल

प्रकाशा गावाजवळच्या एका दूध सोसायटीत हेमकांत कॉम्प्युटर सांभाळायचा. दुधाचं वजन आणि फॅट मोजणारा प्रोग्राम जिल्हा दूध संघाकडून यायचा. सुरू होण्याआधी तपासणी व्हायची: प्रोग्रामच्या फाइलमधून आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळख निघायची, तिला हॅश म्हणतात. ती संघाने दिलेल्या यादीतल्या हॅशशी जुळली तर हिरवा दिवा, नाहीतर काम बंद.

चेअरमन गिरधर आबांनी पुतण्याकडून त्या फाइलमध्ये आपला फोटो घालून घेतला. सकाळी पडद्यावर लाल अक्षरं आली: अनोळखी फाइल.

"मी गावना चेअरमन शे," आबा शांतपणे म्हणाले, "आनि हाऊ माले वळखत नही?"

"आबा, तो माणसाले नही, फाइलले वळखस. टिंबभर बदल झाया तरी हॅश पुरा बदलस."

आबांना ते पटलं नाही. त्यांनी पडद्यासमोर आधारकार्ड धरलं. मग पत्नी धनुबाईंना बोलावलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा करून फोटो नीट पाहिला. "आमना घरनाच शेतस," त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं. बाहेर कॅन घेऊन लोक ताटकळले होते. शेवटी हेमकांतने आबांच्या फाइलचा हॅश यादीत घातला. दिवा हिरवा झाला.

त्याला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी व्हाइस चेअरमन चुडामण फोटो घेऊन हजर. मग एकेक संचालक. आठवडाभर रोज वेगळा चेहरा, रोज नवा हॅश. पुढे सभेत ठराव झाला की सोसायटी ज्याला ओळखते तेच यादीत राहील. संघाच्या मूळ फाइलला कोणीच भेटलेलं नव्हतं; तिचा हॅश काढून टाकला.

महिनाअखेरीस संघाच्या योगिता मॅडम नवी यादी आणि मूळ फाइल घेऊन आल्या. यादी तर आबांनी चालवूच दिली नाही, आणि फाइल चढवताच लाल अक्षरं आली.

"ही तर खरी फाइल आहे," त्या म्हणाल्या.

"व्हई," आबा म्हणाले, "पन आमनी वळख नही."

दूध उन्हात तापत होतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि ओळख कशी होते ते विचारलं. तिथेच तातडीची सभा भरली. आबांनी नाव सुचवलं, चुडामणने अनुमोदन दिलं, फाइलच्या नावाने नारळ फुटला. हेमकांतने हॅश टाकला आणि दिवा हिरवा झाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या, आणि मग आपण का वाजवल्या म्हणून बराच वेळ हातांकडे बघत बसल्या. हेमकांतने पहिला कॅन काट्यावर चढवला.