कणकेतला खंडोबा

दसऱ्याला देव उजळायचं काम सुनांचं. निघोज्यात रुक्मिणीबाईंना दोन सुना. थोरली यशोदा पुरण वाटत होती, म्हणून धाकट्या कुसुमच्या वाट्याला देव आले.

चिंचेचा कोळ. चुलीतली राख. मऊ फडकं.

पाच टाक होते, पाचही चांदीचे. तळहाताएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेला देव. मधला खंडोबा सगळ्यांत झिजलेला, पण ओळखू येणारा: घोड्यावर बसलेला, पुढ्यात म्हाळसा, उजव्या हातात तलवार. घोड्याच्या पायाशी कुत्रं. वर कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र.

कुसुमने तो कोरडा केला. शेजारी परात होती. परातीत पोळ्यांची कणीक, तेल लावून झाकलेली.

मागे पाहिलं. कुणी नाही.

कणकेचा एक गोळा तोडला, थापला. वर खंडोबा पालथा ठेवला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. मनातल्या मनात माफी मागितली. हळूच उचलला.

कणकेत आख्खा देव उतरला होता. कुत्र्यासकट. कुसुमला हसू आलं, कारण आता वाटेत फक्त एकच अडचण होती, आणि ती पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. तिचं नाव

सासूबाई

आणि गंमत अशी की कुसुमला हव्या होत्या त्या सासूबाईच.

तिचा नवरा सयाजी पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात लागला, त्याला वर्ष होत आलं होतं. १९५६ साल. एक खोली मिळाली होती, पत्र्याची, पण नवी. सयाजीच्या तीन शिफ्टा. तो कामाला गेला की कुसुम आणि चार भिंती. निघोज्याला ती चौदाव्या वर्षी नांदायला आली, तेव्हापासून तिची सगळी बडबड रुक्मिणीबाईंनी ऐकलेली. आता ती स्टोव्हशी बोलायची. स्टोव्ह नुसता फरफरायचा.

म्हणून आषाढात तिने विषय काढला होता.

"आत्याबाई, आमची खोली बघायला या की."

"देव हायेत का तिथं?"

"न्हाईत अजून."

"मग देव न्हाई त्या घरात मी पाणी पिणार न्हाई."

"मग द्या एखादा देव."

"देव काय भोपळा हाय, फोड कापून द्यायला?"

"नवा करून घेऊ?"

"नवा देव म्हंजे नवी चूल. सयाजी वेगळा झाला म्हणून दवंडीच पिटा की."

देव नाही म्हणून येणार नाहीत. देव केला तर लेक वेगळा झाला म्हणून येणार नाहीत. कारखान्यात यंत्रं सांभाळणाऱ्या सयाजीने या यंत्राची कळ तीन महिने शोधली आणि हात टेकले. "आईपुढं फोरमनचं पण चालायचं न्हाई," तो म्हणाला.

कुसुम मात्र एक गोष्ट धरून बसली. त्यांच्या घरात रीत होती: नवा टाक जुन्या टाकाला भेटवायचा. देव्हाऱ्यात शेजारी ठेवायचा, भंडारा उधळायचा, मग तो देव. तोवर नुसती चांदी. म्हणजे टाक करून थेट निघोज्याला नेला, चंपाषष्ठीच्या दिवशी, सगळ्यांसमोर, खंडोबाच्याच सणाला, तर त्याला दारातून परत कोण पाठवणार? आत्याबाईंना खंडोबाचा धाक होता. दुसरा कुणाचाच नव्हता.

कणकेचा गोळा तिने पिंपरीला नेला, पत्र्यावर सावलीत वाळवला, पितळी डब्यात ठेवला. शेजारी आपले लहानपणचे चांदीचे वाळे ठेवले. आणि भोसरीवरून जाणाऱ्या गाडीने ती गेली चाकणला, जिथे राहत होते

चांदभाई

ज्यांना चाकणात कुणी कधी वाट विचारत नसे.

कारण ते सांगायचे. अगदी मनापासून. चौकात उभा राहून खेडची वाट विचारणारा माणूस चांदभाईंच्या शब्दावर विश्वास ठेवून संध्याकाळी मोशीला पोचायचा.

दोष त्यांचा नव्हता, धंद्याचा होता. चांदभाई ठसे कोरायचे. काशाच्या जाड तुकड्यात देव खोल कोरायचा, त्यावर चांदीचा पत्रा ठेवायचा, वर शिशाची लादी, आणि हातोडी. पत्रा ठशात शिरतो, देव उठून येतो. पण ठशात जे डावं ते पत्र्यावर उजवं. म्हणून कोरायचं सगळं उलट. चाळीस वर्षं त्यांनी उलट कोरलं. त्यांनी घडवलेल्या प्रत्येक खंडोबाच्या तलवारीवर त्यांनी डावीकडेच जीव ओतला होता. ती उजवीकडे यायची पत्र्यावर, आणि तोवर चांदभाई पुढच्या ठशात मान घालून बसलेले.

"निकाहाला आले तेव्हा चपला उलट्या घालून आले होते," त्यांची बायको नूरबी सांगायच्या. "मी तेव्हाच ओळखलं."

"काय ओळखलंस?"

"की वाट मलाच दाखवावी लागणार."

कुसुमने डबा उघडला. चांदभाईंनी गोळा उचलून उजेडात धरला. चाळीस वर्षांत लोकांनी त्यांच्याकडे कागदावरची चित्रं आणली होती, कोळशाने काढलेली पाटी आणली होती, एकाने स्वतःच घोड्यासारखं उभं राहून दाखवलं होतं. कणीक पहिल्यांदाच.

"मल्लूखान," ते म्हणाले.

"खंडोबा आहे, चाचा."

"तेच ते. आमचे अब्बा मल्लूखान म्हणायचे. घोडा तोच." मग त्यांनी डोळे बारीक केले. "याच्या कुत्र्याला तीनच पाय?"

"मुंग्या लागल्या होत्या."

"चौथा मी देतो."

"बाकी सगळं असंच्या असं पाहिजे हं. इथं जसं दिसतंय तसंच. तसूभर इकडंतिकडं झालं तर आमच्या आत्याबाई..." वाक्य तिने पुरं केलं नाही. पुरं करायला तिला शब्द नव्हते आणि नूरबींना गरज नव्हती, त्यांनाही सासू होती.

"जसं दिसतंय तसंच," चांदभाई म्हणाले. शब्दाला जागणारा माणूस. दीड महिना ते त्या गोळ्याकडे बघत कोरत राहिले. म्हाळसेच्या नाकात नथ आली. घोड्याच्या आयाळीचा केस न् केस सुटा झाला. सूर्याला किरण, चंद्राला धार. असा ठसा त्यांच्या हातून पूर्वी झाला नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि ते नूरबींना रोज सांगत होते. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी कुसुम समोर बसली, वाळे आटवून केलेला पत्रा ठशावर बसला, शिशाची लादी बसली, चांदभाईंनी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि

ठक

ठक. ठक. ठक.

लादी फिरवली. ठक.

नूरबींनी चुलीवरची चहाची किटली उतरवली. ठक.

मग चांदभाईंनी नखाने पत्र्याची कड सोडवली आणि तो काढून कुसुमच्या तळहातावर ठेवला.

तिचे वाळे. तिच्या पायात दुडदुडलेली ती चांदी. आता तिच्यावर घोडा उधळला होता. म्हाळसा हसत होती, खरंच हसत होती, जुन्या टाकावर तिचं तोंड कधीच झिजून गेलेलं. कुत्रं चारही पायांवर.

"चाचा," कुसुम म्हणाली. टाक उजेडात धरला.

"बघू दे मला," म्हणून नूरबी वाकल्या. बघितलं. कुसुमकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं.

"अहो. मल्लूखान डावखुरा होता?"

चांदभाई हसले. मग हसायचे थांबले. टाक घेतला. तलवार डाव्या हातात. घोड्याचं तोंड डावीकडे. सूर्याच्या जागी चंद्र, चंद्राच्या जागी सूर्य. त्यांनी कणकेचा गोळा घेतला. टाक, गोळा. गोळा, टाक. दोन्ही हुबेहूब सारखे.

"या अल्ला," ते पुटपुटले. "कणीक आधीच उलटी होती."

टाकावर दाबलेली कणीक. ती म्हणजेच ठसा. त्यांनी फक्त तिच्यात चांदी ठोकायची होती, एवढी सोपी गोष्ट, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसरं काहीच केलं नाही त्याने तिला चित्र समजून पुन्हा एकदा उलटं केलं होतं.

"पंधरा दिवस दे, ताई. नवा ठसा कोरतो."

"सण उद्या आहे."

"मग?"

कुसुमने टाक परत हातात घेतला. तिने रडायला हवं होतं. पण म्हाळसा इतकी हसत होती.

"डावखुरा तर डावखुरा," ती म्हणाली. "नेला तर हाच नेते. ऐकून घ्यायचंय ते ऐकून घेते."

"तू नाही ऐकायचं. चूक माझी, शिव्या माझ्या." चांदभाईंनी टोपी झटकली. "सकाळी मी येतो निघोज्याला."

"त्यांना पुढं चालू देऊ नको," नूरबी कुसुमला म्हणाल्या. "इंदोरीला पोचाल." टाकाच्या पाठीला तांब्याचा पत्रा बसला, आत लाख भरली, कडा घासल्या गेल्या. कुसुम त्या दिवशी नूरबींकडेच राहिली आणि सकाळी थंडीत दोघं पायी निघाले, ती पुढे, चांदभाई मागे, पदराच्या गाठीत देव, आणि ती सगळी वाट घोकत होती ते पहिलं वाक्य म्हणजे

आत्याबाई

"आत्याबाई, हा आमचा खंडोबा. भेटवायला आणलाय."

झालं. म्हणून झालं.

घरात भरताचा आणि बाजरीच्या रोडग्यांचा वास भरला होता. सयाजी रात्रपाळी करून परस्पर आला होता आणि भिंतीला टेकून पेंगत होता, तो ताडकन जागा झाला. थोरले दीर चिमाजी तळीचं ताम्हण पुसत होते, त्यांचा हात थांबला. शेजारचे अर्जुनराव आणि उद्धवराव सुपारी कातरायचे थांबले. यशोदा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच राहिली.

रुक्मिणीबाईंनी टाक बघितला नाही. आधी सुनेला बघितलं.

"ह्यो कुठनं उतरवलास?"

"आपल्याच टाकावरनं."

"कधी?"

"दसऱ्याला. कणकेत दाबून."

"तरीच," यशोदा दारातून म्हणाली. "तरीच दोन पोळ्या कमी आल्या."

उद्धवराव खोकले. हसू लपवायला माणूस खोकतो तसे.

"बाईसाहेब," चांदभाई ओट्यावरून बोलले, "पोरीचं काही नाही. चूक माझी आहे. मी..."

"तुमी जोडव्यांवाले न्हवं?" रुक्मिणीबाईंनी आपल्या पायाकडे बोट केलं. बोटांतल्या मासोळ्या चांदभाईंच्याच हातच्या होत्या. "बसा. तुमची पाळी येईल. आन गं इकडं."

कुसुमने देव्हाऱ्यापुढे बसून टाक ठेवला. उजव्या अंगाला घंटा होती, समई होती, जागा नव्हती. डाव्या अंगाला होती. जुन्या खंडोबाच्या डावीकडे तिने नवा खंडोबा ठेवला.



जुना घोडा उजवीकडे निघाला होता. नवा डावीकडे. मध्ये दोन शेपट्या. रुसलेले दोन भाऊ बांध घालून आपापल्या रानात चालले आहेत, असे दोन देव एकमेकांना पाठ करून उभे होते.

"बघा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, म्हणून सयाजी घाबरला. "मी म्हणत हुते का न्हाई? ह्यो निघाला. तोंड फिरवून निघाला."

"आत्याबाई, तो उलटा झालाय. कणीक उलटी..."

"मला काय दिसत न्हाई?"

चांदभाई सांगायला लागले. काशाचा ठसा, कणकेचा ठसा, डावं, उजवं. हात हलवून सांगत होते, आणि ज्या हाताला डावा म्हणत होते तो उजवा होता, त्यामुळे चिमाजींना जे समजलं होतं तेही समजेनासं झालं. रुक्मिणीबाई ऐकत नव्हत्या. त्या नव्या टाकाकडे बघत होत्या. वाकल्या. आणखी वाकल्या. बोट म्हाळसेच्या तोंडावरून फिरवलं.

"ही हसतीया."

"हो."

"आमची हसायची. मी लगीन होऊन आले तवा हसायची. मग झिजली." बोट तिथेच राहिलं. "मी इसरलेच हुते ही हसायची ते."



मग रुक्मिणीबाईंनी घंटा उचलून खाली ठेवली. समई सरकवली. पदराने तिथली काजळी पुसली. डावीकडचा नवा खंडोबा उचलला आणि जुन्याच्या उजवीकडे ठेवला.

दोन घोडे समोरासमोर. नाकाला नाक. दोन तलवारी वर, पण लढाईच्या नाहीत, लांबून ओळखीचा माणूस दिसला की हात वर होतो तशा. इकडचं कुत्रं तिकडच्या कुत्र्याकडे बघत होतं. तिकडची म्हाळसा हसत होती आणि इकडची, झिजलेली, आता तीही हसत असणार असं वाटत होतं.

"अगं बया," यशोदा म्हणाली. "भेटले की."

"निघाला न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कुणी चुकीचं बोललं होतं. "माघारी तोंड करून बसलाय. घराकडं. बाकीच्यांचे देव समदे एकाच दिशेला पळत्यात." मग चांदभाईंकडे वळल्या. "हे तुमी मुद्दाम केलं व्हय?"

चांदभाईंनी तोंड उघडलं. नूरबी तिथे असत्या तर त्यांनी ते बंद केलं असतं.

"न्हाई जी. चुकून."

"मुद्दाम केलं असतं तर इतकं जमलं नसतं," चिमाजी म्हणाले आणि उद्धवरावांना आता खोकायचं सोंग करता आलं नाही. अर्जुनरावही सुटले. मग सगळं घरच हसायला लागलं, चांदभाई सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जास्त.

तळी भरायची होती. ताम्हणात भंडारा, खोबरं, पानसुपारी, मधे दोन्ही खंडोबा. पाच पुरुष लागतात. चिमाजी, सयाजी, अर्जुनराव, उद्धवराव. चौघं ताम्हणाला हात लावून बसले आणि पाचवा कोण म्हणून एकमेकांकडे बघू लागले.

"तिथं काय बसलाय जोडव्यांवाले," रुक्मिणीबाई ओरडल्या. "घडवताना हात हुता, उचलताना कुठं गेला?"

चांदभाईंनी टोपी नीट केली आणि हात लावला.

"येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!"

ताम्हण वर. खाली. वर. तिसऱ्यांदा वर गेलं तेव्हा रुक्मिणीबाईंनी भंडाऱ्याची मूठ अशी उधळली की देव, देव्हारा, सयाजीच्या मिशा, चांदभाईंची पांढरी दाढी, सगळं पिवळंधमक. कुसुम शिंकत होती आणि हसत होती आणि पुन्हा शिंकत होती.

जेवणं झाली. नवा टाक कोऱ्या खणात गुंडाळला गेला. रुक्मिणीबाईंनी तो कुसुमच्या हातात दिला नाही. स्वतःच्या ओटीत धरला.

"पिंपरीची गाडी कितीला?"

"चाकणातनं तीनला एक आहे," कुसुम म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं.

"मग बसलीस काय? रोडगे बांध. आणि तुझ्या त्या स्टोव्हवर भाकरी होती का नुसतीच करपती, ते आधी सांग."