लंडनची आठ वर्षं

माझी लंडनची नोकरी २००८च्या मंदीत गेली आणि आम्ही अबुधाबीला आलो. भारतात नोकरी सोडली की लोक पीएफ काढून मोकळे होतात. लंडनची सरकारी पेन्शनही तशीच संपली, असं मी धरून चाललो होतो. गेल्या वर्षी माझी बायको अनुपमा गेली. निवृत्तीनंतर मुलीच्या आधाराने राहावं लागणार, हे तेव्हापासून खुपत होतं.

काल मुलीने, मुग्धाने, माझी तिकडची पेन्शनची नोंद ऑनलाइन उघडली.

“बाबा, खलास काही नाही झालेलं! एट इयर्स जमा आहेत. पेन्शनला टेन लागतात.”

“उरलेली दोन?”

“मागच्या वर्षांचे पैसे इथूनही भरता येतात.”

मी लगेच अर्ज भरला. “आता कोथरूडला, अनुपमाने लावलेल्या घरातच राहीन. तुझ्याकडे नाही.”

“बोलावलंय कोणी?” मुग्धा म्हणाली.