राणीच्या आधी

“मेविस, उठा आता. मॅडम येतायत.”

“येऊ देत की. मी बसलेय.”

टोबी हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतायत. टोबी आमचा पहिला सहायक दिग्दर्शक. भारी शाळेत शिकलेला, गळ्यात वॉकीटॉकी, आणि मुद्दाम विस्कटून घेतलेले केस. सेटवर कुणी उठायचं, कुणी बसायचं, कुणी तोंड मिटायचं हे सगळं तो ठरवतो. त्याच्या एका शब्दासरशी मेविस इतकी वर्षं सिंहासन रिकामं करत आली होती. आज तिने लोकरी जाकिटाची बटणं लावली आणि बूड आणखी मागे सरकवलं.

ते सिंहासन माझ्या ताब्यातलं. सेटवरचं सामान सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे या खुर्चीवर कोण बसतं आणि कसं बसतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मालिका व्हिक्टोरिया राणीच्या आयुष्यावरची. राणी म्हातारी होत जाते, म्हणून नटी बदलत जाते. पहिली लग्नापर्यंतची. दुसरी नवरा मरेपर्यंतची, आणि त्याच्यामागे मनसोक्त रडण्यापर्यंतची. तिसरी शेवटपर्यंतची, म्हणजे ऑनर टेम्पलटन. तीन राण्या झाल्या, खुर्ची एकच राहिली, आणि खरं सांगायचं तर बूडही एकच राहिलं. मेविसचं.

दिवे लावायला वेळ लागतो. तेवढा वेळ मोठ्या नटीला ताटकळत ठेवत नाहीत. तिच्या उंचीची, तिच्या रंगाची एक बाई आणून बसवतात. उजेड तिच्या गालावर पडतो, कॅमेरा तिच्या नाकापासून अंतर मोजतो, आणि सगळं जमलं की टोबी ओरडतो. मेविस उठते. मी पुढे होऊन लाल मखमली उशी थोपटतो, बाईच्या बसण्याने पडलेली खळगी बुजवतो. मग राणी येऊन बसते. त्या उशीवर आधी कुणी बसलं होतं हे दिसता कामा नये, एवढ्यासाठीच मला ठेवलंय म्हणा ना.

आमच्यात एक रीत आहे. कुणाचा शेवटचा शॉट झाला की सहायक दिग्दर्शक मोठ्याने नाव पुकारतो, अमुकअमुक यांचं काम संपलं, आणि सगळे टाळ्या वाजवतात. नटी डोळे पुसते, फुलं येतात. पहिल्या राणीला टाळ्या, दुसरीला टाळ्या. दोन वाक्यं बोलून मेलेल्या बिशपलाही टाळ्या. आणि गेल्या आठवड्यात राणीची छोटी गाडी ओढणाऱ्या तट्टूला. टोबीने त्याचं नाव पुकारलं, तट्टूने शेपूट वर करून सेटवर जे करायचं ते केलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मेविस माझ्या शेजारीच उभी होती. थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाली, “लेन, हा तट्टू कधी आला रे?”

“इस्टरनंतर.”

“हं,” ती म्हणाली. बस्स, एवढंच. पण मी माणसं ओळखतो. काही माणसं भांडतात आणि विसरतात, काही ‘हं’ म्हणतात आणि जमेला धरतात.

आज मालिकेचा शेवटचा शॉट होता.

“मेविस, प्लीज,” टोबी आवाज खाली आणून म्हणाला. “काय झालंय? बरं वाटत नाहीये का?”

“ठणठणीत आहे. तू माझं नाव पुकार, मी उठते.”

“अहो, ते कलाकारांसाठी असतं.”

“असं का? तुझा तो तट्टू कुठल्या नाट्यशाळेत होता?”

वरच्या मचाणावर दिवेवाले खो खो हसले. टोबीचे कान लाल झाले.

“ती गंमत होती, मेविस.”

“मग माझीही कर. मी शेपूट नाही वर करणार.”

मी जवळ गेलो. मला पुढचं दिसत होतं. याच कंपनीची नवी मालिका वसंतात सुरू होणार होती, जुन्या, म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीवरची. त्यात बसायला मेविसचं नाव टोबीनेच सुचवलं होतं. या वयात दुसरं कोण बोलावणार होतं तिला? घरी बहीण, एक मांजर आणि गळका बॉयलर. हे काम म्हणजे तिच्या दृष्टीने सकाळी उठण्याचं कारण होतं.

“राणीसाहेब,” मी कुजबुजलो, “पुढच्या राणीचा विचार कर. हा पोरगा डूख धरणारा आहे.”

“धरू दे. त्याच्या हातात तेवढंच आहे.”

टोबीने ते ऐकलं आणि नेमकं तेच हत्यार उपसलं. “हे पाहा, वसंतातल्या कामाला मी तुमचं नाव दिलंय. ते मला परत घ्यायला लावू नका.”

मेविसने त्याच्याकडे पाहिलं. तिन्ही राण्यांनी मिळून तसं एकदाही पाहिलं नसेल.

“घे परत,” ती म्हणाली. “तिथेही पाठच दुखवून घ्यायची ना? पण इथून मी अशी उठायची नाही. तुमच्या तिन्ही राण्यांच्या तोंडावरचा उजेड आधी माझ्या तोंडावर पडलाय, बाळा. कुणीतरी एकदा म्हणा की मी इथे होते.”

दाराशी ऑनर टेम्पलटन येऊन उभी राहिली होती. काळा पोशाख, पांढरी जाळीची टोपी, हातात काठी. तिने काय चाललंय ते पाहिलं, कुणाला काही विचारलं नाही, आणि काठीवर भार टाकून वाट पाहत राहिली. राणीला ताटकळलेलं मी प्रथमच पाहत होतो.

वॉकीटॉकीतून दिग्दर्शकाचा आवाज खरखरला, “टोबी, अरे करून टाक एकदाचं!”

टोबीने खाकरून घसा साफ केला. दोन्ही हात तोंडाशी नेले. “मंडळी, एक मिनिट! आज आपल्या… आपल्या मेविस…”

आणि तो अडकला. मचाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तिलाच विचारलं, “सॉरी, तुमचं आडनाव?”

कुणी हसलं नाही.

मेविसचा चेहरा क्षणभर पडला. मी पाहिला. मग तिने थर्मास काखोटीला मारला, सिंहासनाच्या हातांवर जोर दिला आणि उभी राहिली. पायरीच्या टोकाशी आली.

“राहू दे, टोबी. तुला नाही जमायचं.” आणि मग असा आवाज काढला, की इतकी वर्षं तो तिने कुठे दडवला होता देव जाणे. “मेविस टॉडहंटर! काम संपलं!”

टाळ्या वरून सुरू झाल्या, दिवेवाल्यांच्या. मग खाली आल्या. पण तोवर ती पायऱ्या उतरून निघालीही होती. मागे वळली नाही. ती दाराशी येताच राणीने बाजूला होऊन वाट दिली, आणि मेविसने ती घेतली, हक्काची असल्यासारखी. बाहेरच्या टेबलावर मोठ्या कलाकारांसाठी ठेवलेला बेकन रोल उचलून तिने तिथेच चावा घेतला, आणि कोट चढवला.

“लेन, उशी!” टोबी ओरडला. “चला, चला, उशीर झालाय!”

शॉट साधा होता. आधी रिकामं सिंहासन, अगदी जवळून. मग दूरच्या दारातून म्हातारी राणी काठी टेकत येते.

मी सिंहासनाशी गेलो. मखमलीत मेविसची खळगी होती, मधोमध, डावीकडे किंचित खोल, कारण तिचं डावं कंबरडं दुखतं. मी हात पुढे केला. उशीवरून एक दोरा उचलला, तिच्या जाकिटाचा राखाडी. खिशात टाकला.

“झालं?” टोबीने विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

नाताळात तो भाग लागला. लोकांनी राणीचं चालणं पाहिलं, तिचे डोळे पाहिले, वर्तमानपत्रांनी तेच लिहिलं. सुरुवातीला सिंहासन दिसतं तेव्हा राणी अजून दारातसुद्धा आलेली नसते. उशी मात्र दबलेली आहे.