कानसेनांचं निदान

"परत फिरवा," बॉनेटखालून सासरे ओरडले.

मी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पुढे कुठेतरी स्वच्छ 'टक्' असा आवाज झाला आणि गाडी पुन्हा मौनात गेली.

"काही नाही," सासरे म्हणाले. "साधा टक्सुद्धा नाही. चावीचा निरोप सेल्फच्या मोटरपर्यंत पोचतच नाही, जावईबापू. चावीमागचा स्विच गेला."

तो टक् मला ऐकू आला होता. समोरच्या घराच्या ओट्यावर झोपलेल्या मांजरालाही आला असावा, कारण त्याने एक डोळा उघडला होता. पण गाडीच्या बाबतीत सासऱ्यांना काही सांगणं म्हणजे काजव्याने सूर्याला उजेड दाखवणं. त्यांना अपेक्षित असलेला टक् काही वेगळा, अधिक उच्च प्रतीचा असेल, अशी मी माझी समजूत घातली.

सासरे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. आयुष्यभर एकाच गॅरेजात राबले. गॅरेजात त्यांना 'कानसेन' म्हणत. बाकीचे मिस्त्री पाने घेऊन गाडी उघडत, हे नुसते कान लावून उभे राहत. टक् आला नाही तर दोष चावीच्या बाजूचा. टक् येऊनही इंजिन फिरलं नाही तर बॅटरी, जाड वायरी किंवा सेल्फ. हे कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतं. पण सासरे त्या टक्च्या जातीवरून नेमका दोष सांगत. माझी ही बावीस वर्षांची गाडी घेतानाही त्यांनीच अर्धा तास कान लावून तिला पसंत केलं होतं. मला पसंत करताना त्यांनी एवढा वेळ घेतला नव्हता.

ते निवृत्त झाले, तरी कुठली गाडी हटून बसली की गॅरेजचा मालक त्यांना बोलावतो. तो एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आठवड्यातून दोन दिवस तो स्वतः त्यांना न्यायला येतो, आणि हल्ली ते कान लावतात तेव्हा त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो; गुरूबद्दलचा आदर, असं सासरे म्हणतात. त्या दोन दिवशी सासरे सकाळी सहाला दाढी करून तयार असतात. उरलेले पाच दिवस ते सासूबाईंना भाजी कशी चिरावी ते शिकवतात.

तर, स्टिअरिंगखालचं झाकण निघालं. स्क्रू बशीत पडले. सासरे पाय गाडीबाहेर आणि डोकं पेडलजवळ अशा अवस्थेत तासभर होते. शेवटी बाहेर आले, ते उतरलेल्या चेहऱ्याने.

"स्विच उत्तम आहे," ते हळूच म्हणाले. "मग टक् का येत नाही?"

"बाबा, मला वाटतं, येतोय."

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही फायलीतली माणसं. तो तुमच्या सीटचा आवाज. वजन वाढलंय तुमचं."

ते पुन्हा आत शिरले. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई कपबशा विसळत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू आला ना आवाज?"

"आला."

"मला इथे आला. नळ चालू असताना." त्यांनी नळ बंद केला. "वर्ष झालं. दाराची बेल वाजली की मी उठते, मग यांना कळतं बेल वाजली. फोन मी उचलते. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर तीन दिवस अबोला. तेवढी शांतता मात्र बरी वाटली."

"गॅरेजवाल्यांना माहीत आहे?"

"माहीत असतं तर बोलावलं असतं का? त्यांना यांचा कानच तर हवा असतो. परवा पुन्हा जायचंय. तिथे चारचौघांत असं झालं म्हणजे?" त्यांनी शेवटची बशी पालथी घातली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "आणि सातही दिवस हे घरात बसले ना, तर मीच त्या गॅरेजात कामाला जाईन."

त्या बाहेर आल्या आणि थेट बॉनेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बॉनेटपाशी पहिल्यांदाच आल्या असाव्यात.

"तू कशाला आलीस?" सासऱ्यांनी डॅशबोर्डखालून डोकं काढलं.

"बघायला. इतकी वर्षं काय करत होतात ते कळू दे. या इकडे."

सासरे कुरकुरत येऊन वाकले. मी सीटवर बसून खिडकीतून डोकावलो. सासूबाईंनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला, सहज ठेवावा तसा. मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी चावी फिरवली. टक्. त्याच क्षणी त्यांनी बोटाने सासऱ्यांच्या पाठीवर टिचकी मारली.

सासरे जागच्या जागी थिजले. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं नाही. मला खिडकीतून त्यांची मान तेवढी दिसत होती, आणि ती बघण्याचा आपल्याला हक्क नाही असं मला वाटलं.

"परत," ते म्हणाले.

टक्. टिचकी.

"परत. आणि हेडलाइट लावून."

टक्. टिचकी. हेडलाइटच्या उजेडासमोर त्यांनी तळहात धरला होता.

"दिवे मंदावत नाहीत. बॅटरी ठणठणीत आहे. म्हणजे दोष जाड वायरींचा," ते म्हणाले. आवाजात जुना ताठा परत आला होता. "टक् येतोय, जावईबापू. सकाळी हवा दमट होती म्हणून येत नव्हता."

"असंच असणार," मी म्हणालो. हवा कोरडी ठणठणीत होती.

त्यांनी खाली हात घालून इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी चाचपली. तिचं एक टोक हिरवं पडून बोल्टाखाली सैल झालं होतं. पॉलिश पेपरने ते घासलं, बोल्ट आवळला. मी चावी फिरवली आणि गाडी अशी गरजली की मांजर ओटा सोडून पळालं. सासऱ्यांनी तळवा इंजिनवर ठेवला, थरथर लागल्यावर हसले, आणि बायकोकडे न बघताच म्हणाले, "परवा लवकर आटप. गॅरेजला जायचंय."

"मी कशाला?"

"मघाशी म्हणालीस ना, काय करतो ते कळू दे. एका दिवसात काय कळणार?"

ठरल्या दिवशी मीच दोघांना गॅरेजला सोडलं. सासूबाई ग्रीसच्या डब्यांमधून वाट काढत आल्या. मिस्त्री एकमेकांकडे बघत होते. सासऱ्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घरी एकटीला करमत नाही हिला."

मालक आत गेला. आतून आपली स्वतःची खुर्ची घेऊन आला, फडक्याने पुसली आणि बंद पडलेल्या गाडीशेजारी ठेवली. सासूबाई बसल्या. त्याने थोडं मागे होऊन अंदाज घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, जरा पुढे घ्या खुर्ची. काकांच्या पाठीपर्यंत हात पोचला पाहिजे."