नळीतला बोया

वेसाव्याच्या लहूचा टेम्पो त्याच्यासारखाच थकला होता. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, की जळका गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो, तिथं दाब धरतो आणि ऑइलचा धूर घेऊन एका नळीतून बाहेर पडतो. लहूच्या टेम्पोत ती नळी नेमकी मागच्या फळ्यांखाली सुटायची, आणि त्याच फळ्यांवर कोळणींच्या माशांच्या पाट्या. पहाटे बंदरावरून त्या अंधेरी-जोगेश्वरीच्या बाजारात पोचवायच्या, हाच त्याचा धंदा. माणूस पार कंटाळला होता हो, पण सांगतो कुणाला.

त्यात बायको, मथुरा, त्याच कोळणींतली एक, कधीपासून धुसफुसत होती. "गिऱ्हाईक पापलेट परत करतंय. म्हावऱ्याला ऑइलचा वास मारतो म्हणे. तुमच्या इंजिनाचं काय ते बघा, नायतर मी निमेशच्या टेम्पोनं जाते."

आता सख्खी बायको दुसऱ्याच्या टेम्पोत बसली, तर कोळीवाड्यात तोंड कुठं दाखवायचं? लहूनं जुन्या जाळ्याला तरंगवणारा एक फोमचा बोया कापला आणि बूच करून त्या नळीत ठोकला. अक्कल गहाण टाकली की असलंच सुचतं.

दुसऱ्या सकाळी धूर बंद. लहू गालात हसत निघाला. जोगेश्वरीच्या पुलाच्या चढावर इंजिनानं ऑइल बघायची पट्टी उडवली, ऑइल अडवणारं मागचं सील फाटलं आणि रस्ताभर काळं ऑइल सांडलं. बायकांनी पाट्या रिक्षांत घातल्या. मथुरा सगळ्यांच्या शेवटी गेली.

मेकॅनिक देवेशनं बोया उपटला, नवं सील बसवलं. "काका, दाब कोंडला तर तो कुठूनतरी फोडून निघणारच ना. रिंगा बदलेपर्यंत ही नळी लांब करून पार मागं नेतो, टोकाला ऑइल साठायला डबा लावतो. पण तुम्ही सांगता तो वास सगळ्यांच्याच माशांना यायचा काय?"

लहूनं आठवून पाहिलं. बाकी कुणीच तक्रार केली नव्हती.

मग त्यानं आपले हात पाहिले. रोज पहाटे पट्टी ओढून बघायची, इंजिनात ऑइल ओतायचं, हात पँटला पुसायचे आणि पहिली पाटी उचलायची ती मथुराची. घसरलेली पापलेटं बर्फावर नीट लावायची. बाकीच्या कोळणी आपापल्या पाट्या चढवत. जन्मात बायकोशी गोड बोलला नाही, पण हे एक काम त्यानं कधी चुकवलं नव्हतं.

टेम्पो गॅरेजमधून सुटला त्या पहाटे मथुरा बंदरावर आली. लहूचे हात सवयीनं पुढे गेले आणि थांबले.

"आज तूच ठेव. वास माझ्या हातांचा होता गं."

"ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस? मी उगाच इंजिन फोडलं."

"काय बोलू?" मथुरा म्हणाली. "पाटीला हात लावू नका म्हणून?"

आणि तिनं पाटीची एक बाजू त्याच्याकडे केली.